मेकाँगच्या दोन्ही काठांनी: ईशान्य थायलंड आणि लाओसच्या सोळा दिवसांच्या सहकुटुंब प्रवासाचे नियोजन

शेवंती (धागाकर्ती)

नमस्कार. येत्या माघात आम्ही चौघे, म्हणजे मी, यजमान, एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई आणि इतिहासाच्या पदवीवर्गात शिकणारी मुलगी, सोळा दिवसांसाठी थायलंड आणि लाओसला जाण्याचे ठरवत आहोत. आम्ही नाशिकचे. समुद्रकिनारे आणि खरेदी यांत आमच्यापैकी कोणालाच रस नाही. गेल्या दिवाळीत अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात विश्वंतर जातकाची, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माच्या कथेची, चित्रे पाहत असताना आमच्या वाटाड्याने सांगितले, की हीच कथा लाओसमध्ये आणि ईशान्य थायलंडमध्ये आजही दर वर्षी देवळादेवळांत वाचली जाते आणि ती ऐकायला सारा गाव जमतो. ते वाक्य सासूबाईंच्या मनात घर करून राहिले. हा प्रवास त्यातून निघाला आहे.

मी केलेला कच्चा आराखडा असा: बँकॉक तीन दिवस, अयुथ्या एक, सुखोथाई दोन, चियांग माई तीन, तेथून लुआंग प्रबांग दोन, व्हिएंतियान एक, मग कंबोडियातील सिएम रीप तीन आणि शेवटच्या दिवशी बँकॉकहून परत. कागदावर हे बसते, परंतु मुंबई-बँकॉक सोडूनही चार विमाने होतात आणि तीन देशांच्या प्रवेशाची कागदपत्रे करावी लागतात. सासूबाईंचे गुडघे दुखतात. आम्ही सर्व शाकाहारी आहोत, आणि सासूबाई अंडेही घेत नाहीत. या आराखड्यातून काय गाळावे आणि काय राखावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मोकळेपणाने लिहावे.

दूरदेशी

शेवंतीताई, नोकरीनिमित्त मी नऊ वर्षे बँकॉकमध्ये राहिलो आणि जोडून आलेल्या बहुतेक सुट्ट्या ईशान्येकडच्या भागात घालवल्या, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. तुमच्या आराखड्यातले प्रत्येक ठिकाण पाहण्यासारखे आहे, पण त्यांना एकत्र बांधणारे सूत्र त्यात नाही. सासूबाईंना जी गोष्ट हवी आहे ती तर या यादीत जवळजवळ नाहीच.

तो भाग थायलंडमध्ये ‘इसान’ या नावाने ओळखला जातो. हा शब्द आपल्या ‘ईशान’ या शब्दाचाच आहे, म्हणजे ईशान्य दिशा. तिथल्या गावांची नावे मराठी माणसाने थोडे थांबून वाचली तर ओळखीची वाटू लागतात: उबोन राचथानी म्हणजे उत्पल राजधानी, उदोन थानीतला ‘उदोन’ म्हणजे उत्तर, नाखोन राचसीमा म्हणजे नगर राजसीमा. ‘सवातदी’ हे थाई अभिवादनसुद्धा ‘स्वस्ति’पासून घडवलेले आहे.

आता मुख्य मुद्दा. इ. स. १३५३ मध्ये फा न्गुम या राजाने लान शांग, म्हणजे ‘दशलक्ष हत्तींचे’ राज्य स्थापन केले. हे राज्य मेकाँगच्या दोन्ही तीरांवर पसरलेले होते आणि नदी ही त्याची सीमा नव्हती, तर कणा होती. पुढे राज्याचे तुकडे झाले, सयामने, म्हणजे आजच्या थायलंडने, व्हिएंतियान जिंकले, आणि १८९३ मध्ये फ्रान्सने सयामकडून डावा काठ घेतला, तेव्हा नदीच्या मधोमध आंतरराष्ट्रीय सीमा आली. म्हणूनच लाओ भाषा बोलणारे लोक आज लाओसपेक्षा थायलंडमध्ये कितीतरी अधिक आहेत. थायलंडच्या काठावरच्या नोंग खाईच्या घाटावर बसून पलीकडे पाहिले, तर पलीकडचा देश परका असला तरी तिथली भाषा, तिथला चिकट भात, तिथले खेन हे बांबूचे वाद्य आणि देवळाच्या छपराचा उतार अलीकडच्यासारखाच आहे.

म्हणून माझी सूचना अशी, की देशांची यादी करण्याऐवजी नदी धरून चालावे. सिएम रीप पूर्ण गाळावे, कारण तिथला अंकोरचा मंदिरसमूह हा स्वतंत्र प्रवासाचा विषय आहे. सुखोथाई आणि चियांग माई हेही दुसऱ्या खेपेसाठी ठेवावेत. बँकॉकहून आगगाडीने पूर्वेकडे बुरीराम आणि उबोन, तेथून जमिनीवरूनच सीमा ओलांडून दक्षिण लाओसमधील चंपासक, मग व्हिएंतियान, लुआंग प्रबांग, आणि परत येताना नोंग खाईच्या पुलावरून थायलंड, अशी एक मोठी प्रदक्षिणा होते.

वाचनवेडी

दूरदेशी यांचे बहुतांश म्हणणे मान्य आहे, परंतु चियांग माई इतक्या सहज वगळण्याला माझी हरकत आहे. लाओसच्या इतिहासातला सर्वांत मोठा राजा सेथाथिराथ हा लान शांगच्या गादीवर येण्याआधी चियांग माईच्या, म्हणजे लान ना राज्याच्या गादीवर बसला होता. वडिलांच्या मृत्यूनंतर तो लुआंग प्रबांगला परतला तेव्हा चियांग माईची पाचूची बुद्धमूर्ती सोबत घेऊन आला, आणि राजधानी व्हिएंतियानला हलवल्यावर ती मूर्तीही तिकडे गेली. १७७९ मध्ये सयामी सैन्याने ती व्हिएंतियानहून नेली. आज बँकॉकच्या वाट फ्रा केओमध्ये (‘वाट’ म्हणजे मंदिर) लोक जिच्या दर्शनाला रांगा लावतात, ती हीच. नाव पाचूचे असले तरी मूर्ती हिरव्या अर्धमौल्यवान दगडाची आहे, आणि उन्हाळा, पावसाळा व हिवाळा अशा तीन ऋतूंप्रमाणे थायलंडचा राजा तिची वस्त्रे बदलतो.

शेवंतीताई, तुमच्या मुलीसाठी हे सूत्र फार चांगले आहे. पहिल्या दिवशी बँकॉकला मूर्ती पाहावी आणि नंतर व्हिएंतियानला हो फ्रा केओ, म्हणजे त्याच मूर्तीसाठी बांधलेले आणि आज मूर्तीविना संग्रहालय म्हणून उभे असलेले मंदिर पाहावे. एकाच मूर्तीच्या प्रवासातून चार राजधान्यांचा इतिहास उलगडतो. त्यांपैकी पहिली राजधानी गाळायची, हे मला पटत नाही.

दूरदेशी

वाचनवेडी, आपला मुद्दा खरा आहे. तरीही चियांग माई घेतले तर चंपासक जाते, कारण एक उत्तर टोकाला आणि दुसरे दक्षिण टोकाला आहे. सोळा दिवसांत दोन्ही साधायचे, तर सासूबाईंचा निम्मा वेळ वाहनांत जाईल. मूर्तीच्या प्रवासातल्या तीन राजधान्या तर या वाटेवर आहेतच. लुआंग प्रबांगला आणखी एक मूर्ती आहे, तिचेही सूत्र हाती धरता येईल. ‘फ्रा बांग’ या उभ्या, अभयमुद्रेतल्या बुद्धमूर्तीवरूनच त्या शहराला नाव मिळाले. तीसुद्धा सयामने दोनदा, १७७९ आणि १८२८ मध्ये, नेली, पण दोन्ही वेळा ती परत आली.

गोदाकाठ

मी व्यवसायाने वास्तुरचनाकार आहे आणि हा संपूर्ण पट्टा मी दोन वेळा फिरलो आहे. चंपासक राखण्याच्या बाजूने माझे मत नोंदवतो, आणि त्याची तयारी बुरीरामपासूनच का करावी, हेही सांगतो.

बुरीरामच्या दक्षिणेला एका विझलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर फानोम रुंग हे शिवमंदिर आहे. ते कंबोडियाच्या ख्मेर राजवटीत दहाव्या ते तेराव्या शतकांच्या दरम्यान टप्प्याटप्प्याने उभे राहिले, म्हणजे आपल्या सिन्नरच्या गोंदेश्वराचे जवळजवळ समकालीन. तुम्ही नाशिकचे आहात, म्हणून निघण्याआधी एक सकाळ गोंदेश्वराला पुन्हा जाऊन या, असे आग्रहाने सांगतो. मंडप, अंतराळ आणि गर्भगृह हा क्रम डोळ्यांत ताजा असला, की फानोम रुंगला तीच कल्पना किती वेगळ्या रीतीने ताणून मांडली आहे, हे दिसते. तिथे डोंगराच्या उतारावरून येणारा लांब फरसबंद मार्ग, नागांचे कठडे असलेले पूल आणि पायऱ्यांचे टप्पे ओलांडल्यावर माणूस देवळाशी पोहोचतो. मुख्य अक्षावर एकामागे एक पंधरा दारे आहेत, आणि वर्षातल्या ठरावीक काही दिवशी उगवत्या किंवा मावळत्या सूर्याचे किरण त्या सर्व दारांतून आरपार जातात.

पूर्वेच्या दारावर नटराज शिव आहे आणि त्याच्या खालच्या पट्टीवर शेषशायी विष्णू. ही विष्णूची शिळा १९६० च्या दशकात चोरीला गेली आणि पुढे अमेरिकेत शिकागोच्या कला संग्रहालयात आढळली. थायलंडमध्ये तिच्यासाठी मोठी लोकचळवळ झाली, आणि १९८८ मध्ये ती परत येऊन आपल्या जागी बसली. तिच्यासमोर उभे राहताना हा इतिहास मुलीला जरूर सांगावा.

आता वाट फू. पाक्से शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर मेकाँगच्या पश्चिम काठाला चंपासक हे शांत गाव आहे आणि त्याच्या मागे उभा असलेला डोंगर माथ्यावर एक नैसर्गिक शिवलिंगासारखा सुळका घेऊन बसला आहे. जुन्या शिलालेखांत या डोंगराला ‘लिंगपर्वत’ म्हटले आहे. नदीकाठच्या प्राचीन नगराचे नाव श्रेष्ठपूर, आणि देवानीक नावाच्या राजाने पाचव्या शतकात इथे ‘कुरुक्षेत्र’ नावाचे तीर्थ स्थापन केल्याचा संस्कृत शिलालेख सापडलेला आहे. डोंगराच्या कड्यातून एक झरा पाझरतो. त्याचे पाणी दगडी पन्हळीने गाभाऱ्यात आणून लिंगावर अखंड धरले जात असे. आपल्याकडे पिंडीवर गळती टांगतात, इथे साऱ्या डोंगराचीच गळती केलेली आहे. मला या एका कल्पनेपुढे मोठमोठी शिखरे लहान वाटतात.

लिंग आता गाभाऱ्यात नाही आणि तिथे बुद्धमूर्ती आहेत. गावकरी त्यांच्यापुढे उदबत्ती आणि केळीच्या पानाचे शंकू ठेवतात. देवळामागच्या खडकावर ब्रह्मा, विष्णू आणि शिव कोरलेले आहेत, आणि दाराच्या पट्ट्यांवर कंसाला फाडणारा कृष्ण व ऐरावतावरचा इंद्र आहे. हा परिसर २००१ मध्ये जागतिक वारसा ठरला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचे लोक इथे संवर्धनाचे काम करत आले आहेत. खालच्या पातळीवरच्या एका मंडपापाशी मराठी माणसाला आपल्या खात्याचा फलक वाचायला मिळतो तेव्हा मनापासून आनंद होतो.

माघ पौर्णिमेला वाट फूची मोठी यात्रा भरते. थायलंडमध्ये हाच दिवस ‘माखा बुचा’, म्हणजे माघपूजा, म्हणून पाळतात. तुमच्या तारखा त्याच सुमाराच्या असतील तर हा योग सोडू नका.

शेवंती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गोदाकाठ यांचा प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवला, आणि सिएम रीप गाळण्याचा निर्णय त्यांनीच दिला. आता माझे प्रश्न. फानोम रुंग आणि वाट फू या दोन्ही ठिकाणी किती चढावे लागते? उबोनहून चंपासकची सीमा ज्येष्ठ व्यक्तीसोबत पार करणे कितपत त्रासाचे आहे? आणि जातकवाचन नेमके कुठे व केव्हा ऐकायला मिळेल?

गोदाकाठ

फानोम रुंगला वाहन वरच्या प्रवेशद्वारापाशी नेण्यास चालकाला सांगावे, म्हणजे लांबचा चढ टळतो. मुलीने आणि यजमानांनी मात्र खालून पायऱ्यांनीच यावे, कारण ती रचना चढणाऱ्या माणसासाठी केलेली आहे. वाट फूला संग्रहालयापासून तळ्यांच्या कडेने विजेवरची गाडी मिळते आणि खालचे दोन भव्य मंडप सपाटीवरच आहेत. त्यानंतरच्या पायऱ्या उंच, झिजलेल्या आणि जागोजागी कललेल्या आहेत. सासूबाईंनी त्या चढू नयेत, असे मी स्पष्टच सांगतो. संध्याकाळी चारनंतर खालच्या मंडपाच्या सावलीत बसले तरी डोंगर, सुळका आणि चाफ्याच्या झाडांतून चढत गेलेली वाट समोर दिसते. त्या डोंगराचे दर्शन खालून घेणे हेही पूर्ण दर्शनच आहे.

कोकणवारा

सीमा ओलांडण्याविषयी मी लिहितो, कारण आमच्या गटाची तिथे एक चूक झाली होती. उबोन आणि पाक्से यांच्या दरम्यान नदी ओलांडावी लागत नाही. नदीचा पश्चिम काठही तिथे लाओसमध्येच असल्यामुळे सीमा जमिनीवर आहे. थायलंडच्या बाजूला चोंग मेक आणि लाओसच्या बाजूला वांग ताओ अशी ठाणी आहेत. उबोनहून निघणारी बस प्रवाशांना उतरवते. प्रथम थायलंडचा निर्गमन शिक्का घ्यायचा, मग चालत पलीकडे जाऊन लाओसची कागदपत्रे पूर्ण करायची, आणि मग पुन्हा बसमध्ये बसायचे. आमच्यातले दोघे गर्दीबरोबर चालत थाई शिक्का न घेताच पलीकडे पोहोचले. त्यांना परत पाठवण्यात आले आणि बस तोवर निघून गेली. चौघांनी एकत्र राहावे, आणि पुढे पाऊल टाकण्याआधी चारही पारपत्रांवरचा शिक्का एकाने तपासावा.

थायलंडमध्ये येण्याआधी आगमनपत्र आता संगणकावर भरावे लागते. हे मे २०२५ पासून सुरू झाले आहे आणि तुम्ही दोनदा थायलंडमध्ये प्रवेश करणार असल्याने ते दोनदा भरावे लागेल. लाओसचा व्हिसा सीमेवर किंवा ऑनलाइन मिळतो, परंतु ऑनलाइन व्हिसा प्रत्येक ठाण्यावर चालत नाही, म्हणून अर्ज भरतानाच आपले ठाणे यादीत आहे ना ते पाहावे. भारतीयांसाठीचे मुक्कामाचे दिवस आणि नियम अलीकडे वरचेवर बदलत आहेत. विमानाची तिकिटे काढण्याच्या आदल्या दिवशी दोन्ही दूतावासांची संकेतस्थळे उघडून वाचावीत.

व्हिएंतियान ते लुआंग प्रबांग हा पूर्वी घाटातून दिवसभराचा खडतर प्रवास होता. डिसेंबर २०२१ मध्ये चीनच्या सीमेपर्यंतची नवी रेल्वे सुरू झाल्यापासून तो सुमारे दोन तासांवर आला आहे, आणि सासूबाईंसाठी ही फार मोठी सोय आहे. दोन्ही स्थानके शहरांपासून बरीच दूर आहेत, म्हणून गाडी आधी ठरवावी. सामानाची तपासणी विमानतळासारखी होते आणि सुऱ्या, कात्र्या व फवाऱ्याचे डबे काढून घेतात. घरून नेलेली फळे कापायची सुरी नाशिकलाच ठेवा.

चलनाविषयी एकच सांगतो. लाओसचे किप देशाबाहेर बदलून मिळत नाहीत, त्यामुळे लागतील तेवढेच घ्यावेत.

चिंचेचा_पार

मी शाकाहारी आहे आणि इसानमधल्या एका विद्यापीठात दोन वर्षे राहिले आहे, त्यामुळे जेवणाबद्दल अधिकाराने लिहू शकते.

तिथे ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. थायलंडमध्ये माशाचा पातळ रस, ‘नाम प्ला’, आपल्या मिठासारखा सर्वत्र पडतो, आणि लाओस व इसानमध्ये त्याशिवाय ‘पाडेक’ म्हणजे मुरवलेल्या माशांचा दाट रस असतो. कच्च्या पपईच्या कोशिंबिरीतही तो असतो. वाढणाऱ्या बाईंच्या मनात फसवणूक नसते. त्यांच्या दृष्टीने तो मसाला आहे, मासा नव्हे. म्हणून थायलंडमध्ये ‘किन जे’ हे दोन शब्द वापरावेत. चिनी बौद्ध परंपरेतून आलेल्या या आहारात मांस, मासे, अंडी व दूध तर वर्ज्य असतेच, शिवाय कांदा-लसूणही वर्ज्य असतो, म्हणजे सासूबाईंना तो अगदी जवळचा वाटेल. अशा दुकानांवर पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षर असलेली निशाणी दिसते. लाओसमध्ये ‘बो साय पाडेक, बो साय नाम पा’, म्हणजे पाडेक घालू नका, माशाचा रस घालू नका, असे समोर उभे राहून सांगावे. कोशिंबीर डोळ्यांदेखत खलात कुटून देतात, त्यामुळे तिथेच थांबवता येते.

चिकट भाताबद्दल मात्र मी कितीही लिहीन. तो रात्रभर भिजवून बांबूच्या निमुळत्या टोपलीत वाफवतात आणि झाकणाच्या छोट्या परडीत घालून पुढे ठेवतात. उजव्या हाताने लहानसा गोळा मोडून, दाबून, चटणीत बुडवून खायचा. भाजलेल्या मिरच्या, वांगी किंवा टोमॅटो यांची चटणी, ‘जेओ’, बिनमाशाची करून मागितली, तर आपल्या ठेच्याशी किंवा वांग्याच्या भरताशी तिचे नाते लगेच कळते. घरून शेंगदाण्याची चटणी नेलीत तर त्या भाताबरोबर ती उत्तम लागते. भात चांगला झाला, तर ‘सेप’ म्हणा. बँकॉकमध्ये चवदार पदार्थाला ‘आरोय’ म्हणतात, पण नदीच्या दोन्ही काठांवर हा लाओ शब्द आहे, आणि तो पाहुण्याच्या तोंडी ऐकून माणसे मनापासून सुखावतात.

वाचनवेडी

जातकवाचनाविषयी. या उत्सवाला लाओसमध्ये ‘बुन फावेत’ म्हणतात. ‘वेत’ म्हणजे वेस्संतर, आपला विश्वंतर. कथेचे तेरा अध्याय आहेत, आणि तेराही एका दिवसात ऐकले तर मोठे पुण्य लाभते अशी श्रद्धा आहे. त्यामुळे वाचन पहाटे सुरू होऊन रात्रीपर्यंत चालते आणि भिक्षू आळीपाळीने वाचतात. आदल्या दिवशी कथेची चित्रे असलेला लांबलचक कापडी पट गावकरी हातांवर धरून मिरवत देवळात आणतात. विश्वंतर वनवासातून आपल्या नगरात परततो, तो प्रसंग सारा गाव मिळून असा जगतो.

इसानमध्ये हा उत्सव साधारण मार्चमध्ये येतो. लाओसमध्ये मात्र शेजारशेजारची गावे तो मुद्दाम वेगवेगळ्या दिवशी करतात, म्हणजे एकमेकांकडे पाहुणे जाऊ शकतात. आपल्याकडच्या गावजत्रांचे असेच असते. त्यामुळे छापील तारीख शोधू नका. चंपासकला किंवा लुआंग प्रबांगला पोहोचलात, की घरमालकाला आणि जवळच्या देवळातल्या भिक्षूंना विचारा. शक्यता चांगली आहे.

लुआंग प्रबांगला दोन दिवस फार कमी आहेत, निदान तीन पूर्ण दिवस द्यावेत. १५५९-६० च्या सुमारास बांधलेल्या वाट शियांग थोंगचे छप्पर जवळजवळ जमिनीपर्यंत उतरत येते. त्याच आवारात राजघराण्याच्या अंत्ययात्रेच्या रथाचे दालन आहे आणि त्याच्या सोनेरी दर्शनी भिंतीवर रामायणाचे प्रसंग कोरलेले आहेत. लाओ रामायणाचे नाव ‘फा लक फा लाम’ आहे, म्हणजे लक्ष्मणाचे नाव आधी येते. राजवाड्याच्या संग्रहालयाजवळच्या नाट्यगृहात त्याचे नृत्यप्रयोग होतात. फूसी टेकडीला तीनशेहून अधिक पायऱ्या आहेत, ती सासूबाईंनी सोडून द्यावी.

पहाटेच्या भिक्षाफेरीविषयी माझे मत ठाम आहे. मुख्य रस्त्यावर पर्यटकांची इतकी दाटी होते, आणि भिक्षूंच्या तोंडासमोर कॅमेरे इतक्या जवळ आणले जातात, की पाहणाऱ्यालाच लाज वाटावी. तुम्हाला दान करायचे असेल तर आदल्या रात्री घरमालकिणीला ताजा भात वाफवायला सांगा, पादत्राणे काढून, खांद्यावर उपरणे घेऊन, खाली बसून द्या, आणि स्त्रियांनी भिक्षूंना स्पर्श करू नये. दान करायचे नसेल तर रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला गप्प उभे राहावे. चंपासकच्या नदीकाठच्या रस्त्यावर हीच फेरी रोज निघते, आणि तिथे ती पाहायला फारसे कोणी नसते. सासूबाईंनी पहिले दान तिथेच करावे, असे मला मनापासून वाटते.

तांबडा_मुरूम

या सर्व चर्चेत एक विषय राहून गेला आहे. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. त्यांतल्या गुच्छबॉम्बमधून सुमारे सत्तावीस कोटी लहान गोळे सुटले आणि अंदाजे आठ कोटी फुटलेच नाहीत. ते आजही शेतांत सापडतात, आणि लाओ भाषेत त्यांना ‘बोंबी’ म्हणतात. शियांग खुआंगचे दगडी रांजणांचे पठार २०१९ मध्ये जागतिक वारसा झाले, आणि तिथे सुरक्षित केलेल्या जागेच्या खुणा ओलांडून एक पाऊलही टाकायचे नसते. इतिहास शिकणाऱ्या मुलीने हे पाहावे, असे मला वाटते. देवळे आणि नृत्ये पाहून परतायचे आणि त्या मातीत काय पडले आहे ते जाणून घ्यायचे नाही, हे त्या देशावर अन्यायाचे होईल.

दूरदेशी

तांबडा_मुरूम, मुद्दा योग्य आहे, पण शियांग खुआंगसाठी निदान तीन दिवस वेगळे काढावे लागतील. मधला मार्ग म्हणून व्हिएंतियानमधील कोप या संस्थेचे अभ्यागत केंद्र पाहावे. या स्फोटांत हातपाय गमावलेल्यांसाठी कृत्रिम अवयव तयार करणाऱ्यांचे काम तिथे पाहायला मिळते. तिथे छताला टांगलेले गुच्छबॉम्बचे गोळे आणि गावकऱ्यांनी भंगारातून बनवलेले कृत्रिम पाय पाहिले, की आकडे नुसते आकडे राहत नाहीत.

व्हिएंतियानमध्ये वाट सी साकेतही चुकवू नये. ते १८१८ मध्ये राजा अनुवोंगने बांधले. दहा वर्षांनी सयामी सैन्याने शहर जाळले, त्यातून वाचलेले हे एक मंदिर. त्याच्या ओवऱ्यांच्या भिंतींत लहान लहान कोनाड्यांतून हजारो बुद्धमूर्ती आहेत.

शेवंती

सर्वांच्या प्रतिसादांवरून तयार झालेला नवा आराखडा देत आहे. पहिले दोन दिवस बँकॉक, त्यात पाचूची बुद्धमूर्ती. तिसऱ्या दिवशी आगगाडीने बुरीराम, चौथा दिवस फानोम रुंग आणि जवळचे मुआंग ताम हे मंदिर. पाचव्या दिवशी आगगाडीने उबोन. सहाव्या दिवशी चोंग मेकमार्गे चंपासक, आणि सात व आठ तिथेच, यात्रेसाठी. नवव्या दिवशी पाक्सेहून विमानाने व्हिएंतियान. दहाव्या दिवशी रेल्वेने लुआंग प्रबांग, अकरा, बारा, तेरा तिथे. चौदाव्या दिवशी परत व्हिएंतियान: हो फ्रा केओ, वाट सी साकेत आणि कोपचे केंद्र. पंधराव्या दिवशी पूल ओलांडून नोंग खाई आणि रात्रीच्या गाडीने बँकॉक. सोळाव्या दिवशी संध्याकाळी मुंबईचे विमान. सामान बांधण्याचे प्रसंग फारसे कमी झाले नाहीत, पण मधली विमाने चारावरून एकावर आली आणि देशही दोनच राहिले. यात काही खटकत असेल तर सांगावे.

दूरदेशी

आराखडा उत्तम झाला आहे. तीन गोष्टी सुचवतो.

पहिली, आणि सर्वांत महत्त्वाची: पौर्णिमेची तारीख कालनिर्णयवरून ठरवू नका. थाई पंचांगात अधिकमास आठव्या महिन्यालाच जोडतात, त्यामुळे काही वर्षी त्यांची माघपूजा आपल्या माघ पौर्णिमेपेक्षा एक महिना पुढे जाते. २०२६ मध्ये आपली माघ पौर्णिमा १ फेब्रुवारीला होती, तर थायलंडची माघपूजा ३ मार्चला. तुम्ही जाल त्या वर्षीची वाट फूच्या यात्रेची तारीख पाहून, तिला धरून मागेपुढे सोळा दिवस मोजा. यात्रेच्या दिवसांत चंपासकमधल्या मोजक्या खोल्या लवकर भरतात, म्हणून पहिले आरक्षण तिथले करा आणि बाकी सर्व नंतर. तारीख मार्चवर गेली, तर शेते आणि जंगल जाळल्याचा धूर उत्तर लाओसमध्ये दाटतो. सासूबाईंना दम्याचा त्रास असेल, तर त्या वर्षी यात्रा सोडून जानेवारीतच जावे, असे मी म्हणेन.

दुसरी: नोंग खाईला गाडीची वाट पाहत स्थानकावर बसू नका, दुपार साला केओ कू येथे घालवा. बुनलुआ सुलीलात या साधकाने १९५८ पासून व्हिएंतियानजवळ नदीकाठी हिंदू आणि बौद्ध देवतांच्या प्रचंड मूर्तींचे उद्यान उभारले होते. लाओसमधील १९७५ च्या साम्यवादी सत्तांतरानंतर तो नदी ओलांडून नोंग खाईला आला आणि तिथे त्याने दुसरे उद्यान रचले. नागाच्या फण्यांखाली बसलेला बुद्ध तिथे इतका उंच आहे, की झाडांच्या वरून दिसतो.

तिसरी: लुआंग प्रबांगला राहाल त्या घरी ‘बासी’चा विधी होणार असेल आणि तुम्हाला बोलावले, तर जरूर बसा. माणसाच्या देहात बत्तीस ‘ख्वान’, म्हणजे प्राणतत्त्वे, असतात आणि प्रवासात त्यांतली काही वाटेत मागे राहतात, असे ते मानतात. त्यांना परत बोलावण्यासाठी घरातली वडीलधारी माणसे मनगटावर पांढरे सूत बांधतात आणि प्रत्येक गाठीबरोबर आशीर्वाद पुटपुटतात. ते सूत निदान तीन दिवस ठेवायचे आणि नंतरही कात्रीने कापायचे नाही, गाठ सोडवायची.

शेवंती

कळले. सासूबाईंना दम्याचा त्रास नाही. त्यांनी विचारले आहे, की त्या घरातल्या वडीलधाऱ्या बाईंच्या मनगटावर आपणही सूत बांधले तर चालेल का?

चिंचेचा_पार

चालेल. मीही बांधले आहे. वय मोठे असलेल्या पाहुणीने बांधलेले सूत तिथे फार मानाने घेतात. बांधताना दुसरा हात त्यांच्या कोपराखाली आधाराला धरावा आणि आशीर्वाद मराठीतच द्यावा.